अणूंची नक्षी कुणी काढली?

प्रश्न : मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या औंढ्याजवळ लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा, होणार म्हणून लेसरबद्दल मिळेल ते वाचते. त्यात लेसरच्या जाळीत अतिशीत अणूंचे स्फटिक तयार होतात असं आलं. इतका गार वायू गोठून घट्ट का होत नाही? आणि जाळी आपणच आखलेली असेल तर अणू ओळीत बसले यात नवल काय?
– एक विद्यार्थिनी, औंढा नागनाथ

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न वाचून फार आनंद झाला. पण आधी पहिला मिटवू.

परभणीत थंडीची लाट येऊन पारा 7 अंशांवर उतरला तरी ते तापमान 280 केल्विन असतं. या प्रयोगांत ते 100 नॅनोकेल्विनच्या आसपास, म्हणजे एका केल्विनचा एक कोटीवा भाग. अशा प्रयोगांत बऱ्याचदा रुबिडियम या धातूचा वायू घेतात. एवढ्या गारव्यात तो घट्टच व्हायला हवा, आणि सवड मिळाली तर होईलही. पण दोन अणू जुळताना सुटणारी ऊर्जा घेऊन जायला तिसरा अणू त्याच क्षणी जवळ लागतो. हा वायू आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा लाख पटींहून विरळ, त्यामुळे तिघांची गाठ क्वचितच पडते. काही सेकंद तरी तो वायूच राहतो. प्रयोग तेवढ्यात उरकायचा.

आता जाळी. तुम्ही मेल्डचा प्रयोग केलाच असेल. नादकाट्याला बांधलेला दोरा थरथरत असतो, पारड्यात एकेक वजन टाकत जायचं, आणि एका वजनाला सगळी थरथर थांबून लूप, म्हणजे दोऱ्याचे फुगीर भाग, जागच्या जागी उभे राहतात. नांदेडला कॉलेजात हा प्रयोग घेताना त्या क्षणी मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत. लेसरचा किरण आरशावरून उलटा फिरवला की उजेडाचाही असाच स्थिर तरंग होतो. अमेरिकेतल्या लायगोचा लेसर 1064 नॅनोमीटरचा आहे. अणूंच्या बऱ्याच प्रयोगांतही हाच वापरतात. मग दोन लूपमधलं अंतर त्याच्या निम्मं, 532 नॅनोमीटर. असे तरंग आडवे-उभे छेदले की चौफुलीवर लावलेल्या कापसासारख्या फुल्या पडतात, आणि हा लेसर वापरला तर प्रत्येक फुलीवर, जिथे उजेड सर्वांत जास्त तिथे, अणूला बसायला खळगा मिळतो.

खळगे उथळ असतील तर अणू एका जागी नसतोच. पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमाने तो साऱ्या जाळीभर पसरलेला असतो. लेसरची तीव्रता वाढवून खळगे खोल केले की शेजारच्या खळग्यात शिरणं अवघड होतं, आणि एका खळग्यात दोघांनी राहायचं तर ऊर्जा जास्त लागते. मग अणू आपापल्या खळग्यात मोजून बसतात. 2002 साली म्युनिकला ग्रायनर, ब्लॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. लेसर मंद केला की अणू पुन्हा पसरत. माझ्या मते त्या प्रयोगातली सर्वांत सुंदर गोष्ट हे परत येणं.

पण इथवर तुमची शंका खरीच आहे : ओळी आपण आखल्या, अणू फक्त बसले. खरं नवल पुढे आहे. समजा निम्म्याच फुल्यांना पुरतील एवढे अणू ठेवले. कुठली फुली भरायची आणि कुठली मोकळी सोडायची, हे जाळी सांगत नाही. रुबिडियमच्या अणूंना शेजारच्या फुलीवर कोण आहे याची जवळजवळ दखलच नसते. अर्बियम या दुसऱ्या धातूच्या अणूंचं तसं नाही. त्याचं चुंबकत्व रुबिडियमच्या सात पट, आणि परस्परांवरचा जोर वर्गाने वाढतो, म्हणजे एकोणपन्नास पट. शेजारी शेजारी उभे असले तर ते एकमेकांना ढकलतात. एकापुढे एक असले तर ओढतात. हार्वर्डमध्ये ग्रायनर यांच्याच गटाने हे अणू जाळीत घातले, एकेक अणू दिसेल अशा सूक्ष्मदर्शकातून पाहिले, आणि 2023 मध्ये निष्कर्ष छापले. हे अणू बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने उभे राहतात. ते क्षेत्र जाळीला लंब ठेवलं तर बुद्धिबळाचा पट उमटतो, एक घर भरलेलं, एक मोकळं. क्षेत्र जाळीच्या पातळीत कललं की पट मोडून पट्टे येतात. जाळी तीच, अणू तेच.

झुरिकला 2016 मध्ये एस्लिंगर यांच्या गटाने दोन आरशांमध्ये जाळी ठेवून असाच पट मिळवला होता. तिथे आरशांमध्ये फिरणारा उजेडच लांबलांबच्या अणूंना जोडत होता. पटाची काळी घरं भरायची की पांढरी, यात काहीच फरक नसतो. तरी दर वेळी अणू एक बाजू धरतात. ही निवड जाळीने केलेली नाही. मीठ किंवा लोखंड गोठताना जे घडतं त्याचं मर्म हेच, आणि ते आता अणू मोजत बघता येतं. संगणकाने हे काढणं कठीण : 300 फुल्या घेतल्या आणि प्रत्येकीत अणू आहे की नाही एवढंच विचारलं, तरी शक्यता 2 चा 300 वा घात. दृश्य विश्वातल्या अणूंपेक्षा जास्त.

प्रश्न : हे आपल्याकडे कुठे शिकता येईल?
– एक वाचक, सेलू

उत्तर : अतिशीत अणूंवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत काम चालतं. बीएस्सीनंतर पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी असलेली जॅम परीक्षा द्या. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा वेगळी असते. दोन्हींसाठी तरंग आणि पुंजयांत्रिकी गाइडवरून पाठ करून भागत नाही. उदाहरणं हाताने सोडवा.