टट्टूसाठी पहिली गाडी: स्वस्त जुना टांगा घेण्यापूर्वी

आपण लिहिले आहे की घरच्या ४८ इंच उंचीच्या घोडीसाठी दोन चाकी गाडी हवी आहे, खर्चाची मर्यादा २५,००० रुपयांची आहे आणि मोठ्या घोड्याचा एक जुना टांगा दांड्या (जनावराच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणारे दांडे) वाकवून देण्याच्या बोलीवर स्वस्तात मिळतो आहे. याच बोलीवर मलाही पूर्वी एक टांगा देण्यात आला होता आणि त्यापायी माझ्या टट्टूला जे सोसावे लागले ते आपल्या घोडीच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी सविस्तर लिहीत आहे. घोडीला गाडीची सवय कशी लावावी, नाल कधी बदलावेत, या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे धरून चालतो. मी पशुवैद्य नाही आणि गाड्या बांधण्याचा माझा व्यवसायही नाही. हे अनुभवाचे बोल आहेत, तेव्हा माहीतगार माणसाला दाखवूनच निर्णय घ्यावा.

सोलापूर शहराबाहेरच्या ज्या कामशाळेने मला गाडी दिली, तिचे नाव मी घेणार नाही. टट्टू आणतो, जोडून पाहू, मग उरलेले पैसे देतो, असे मी आधीच सांगितले होते. त्यावर, जनावर इथे आणू नका, मोजमापाची गरज नसते, चार दिवस चालवले की आपोआप बसते, असे उत्तर मिळाले आणि पूर्ण रक्कम हाती पडल्याशिवाय गाडी अंगणातून हलवू दिली नाही. दांड्यांची फक्त टोके वाकवलेली होती, मुळाकडचा चढ तसाच होता. त्यामुळे टट्टूच्या उंचीला दांड्या आल्या की गाडीची सगळी बैठक पुढे झुकायची, बसणारे पुढे घसरायचे आणि तो सारा भार खोगिरावाटे टट्टूच्या पाठीवर उतरायचा. खोगिराखाली आधी सूज आली, मग कातडे सोलले गेले, आणि एरवी गरीब असलेले जनावर खोगीर पाहताच मागे सरू लागले. तक्रार घेऊन गेलो तेव्हा, चाकांचा आस चार बोटे सरकवून देण्याऐवजी, तुमचे टट्टूच कमजोर आहे, असे मला ऐकविण्यात आले. मुक्या जनावराची पाठ उघडी पडलेली असताना कारागिराने असे बोलावे, याचा संताप आजही जात नाही. पाठ भरून येईपर्यंत गाडी उभी राहिली आणि दुसऱ्या कारागिराकडून दांड्या नव्याने बसवून घेण्याचा खर्च गाडीच्या किमतीत भर घालून गेला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की आपण तो टांगा घेऊ नये. वाळलेले लाकूड नीट वाकत नाही, लोखंडी दांडी तापवून वाकवली तर वाकलेल्या जागी कमकुवत होण्याचा धोका असतो, आणि दांड्या एक वेळ जमल्या तरी दोन दांड्यांमधील रुंदी व गाडीचे वजन मोठ्या घोड्याच्याच मापाचे राहते.

गाडी पाहण्याआधी घोडीला सपाट जागी उभे करून मोजमाप घ्यावे. खोगिराच्या बाजूला ज्या कड्यात दांडी अडकते, त्याची जमिनीपासूनची उंची मोजावी. दांड्या त्या उंचीवर धरल्यावर गाडीची बैठक सपाट राहिली पाहिजे. दांडीचे टोक खांद्याच्या पुढच्या हाडाच्या पलीकडे जाऊ नये, आणि घोडीचे पुठ्ठे व गाडीचा पुढचा आडवा दांडा यांत निदान एक ते दीड फूट अंतर असावे, नाहीतर उतारावर गाडी मागच्या पायांवर येते.

यानंतर तोल पाहावा. जेवढी माणसे नेहमी बसणार तेवढी बसवून दांड्या योग्य उंचीवर धराव्यात. दोन्ही मिळून तीन ते पाच किलोच्या आसपास भार जाणवला तर ठीक. त्याहून फार जास्त असेल तर गाडी धुरजड, म्हणजे पुढे जड, आहे, आणि दांड्या वर उचलल्या जात असतील तर ती उलाळ, म्हणजे मागे जड, आहे व पोटाखालचा पट्टा घोडीला वर ओढत राहील. भाजीवाल्यांकडचा आकड्याचा काटा दांडीला अडकवून हे वजन नेमके कळते. बैठक पुढेमागे सरकविण्याची सोय असलेली गाडी थोडी महाग पडली तरी घ्यावी, कारण एकटे बसलो की तोल वेगळा असतो आणि शेजारी कोणी बसले की वेगळा.

चाकांबाबत सांगायचे तर सायकलची चाके वळणावर आडवा ताण आला की वाकतात आणि स्कूटरची लहान चाके खड्ड्यात आदळतात. मोटारसायकलची तारांची चाके या दोहोंपेक्षा बरी. मात्र शेताच्या वाटेवर वेड्या बाभळीचे काटे असतातच, तेव्हा पंक्चरचे सामान जवळ ठेवावे. आसाच्या जोडाचे वेल्डिंग रंगाखाली तडकलेले नाही ना, हे पाहावे. शर्यतीचा छकडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. त्यावर नीट बसायला जागा नसते. चार चाकी गाडीही नवशिक्याने टाळावी, कारण घोडी दचकून मागे सरली तर पुढची चाके आडवी होऊन गाडी कलंडू शकते.

ओझे ओढणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत टट्टूच्या दोन चाकी गाडीला हवेचे टायर असल्यास ६०० किलो आणि नसल्यास ४०० किलो, गाडीच्या वजनासह, अशी कमाल मर्यादा आहे. आपली घोडी लहान आहे. गाडी आणि माणसे मिळून तिच्या स्वतःच्या वजनाहून अधिक भार होऊ देऊ नये, असे मी म्हणेन. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावर जुंपण्यास त्याच नियमांनी मनाई आहे, आणि सोलापूरचा उन्हाळा पाहता एप्रिल-मे महिन्यांत गाडी भल्या सकाळीच बाहेर काढावी लागेल.

साजाचे, म्हणजे घोडीला जुंपण्याच्या खोगीर-पट्ट्यांचे, पैसे वेगळे काढून ठेवावेत. विशेषतः पुठ्ठ्यांमागून जाणारा, गाडी रोखून धरणारा पट्टा काही विक्रेते अनावश्यक म्हणून देत नाहीत, पण ब्रेक नसलेल्या गाडीला उतारावर तोच थांबवतो. अकलूजला दिवाळीच्या सुमारास घोडेबाजार भरतो, तेथे घोडीची मापे सोबत नेऊन साज पाहावा. गाडीचे पैसे मात्र घोडी जोडून, थोडे अंतर चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण देऊ नयेत, आणि विक्रेता त्याला तयार नसेल तर दुसरी गाडी शोधावी. खोगिराच्या कड्याची उंची आणि घोडीच्या छातीची रुंदी कळविल्यास दांड्यांचे माप काढण्यास मी आनंदाने मदत करीन.