लीडर व्हायच्या आधी

प्रिय बाळ,

तुझा मेसेज वाचला. ऑनलाइन गेममधल्या तुमच्या क्लॅनमधली, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटातली, काही पोरं फुटून बाहेर पडणार आणि नव्या क्लॅनची लीडर तू व्हावंस, असा त्यांचा आग्रह आहे. लगेच हो म्हणू नकोस. आधी एखाद्या नीट चालणाऱ्या क्लॅनमध्ये साधी मेंबर म्हणून महिनाभर राहून ये. तिथे कोण किती भारी खेळतं ते सोडून दे, हरलेल्या रेडनंतर, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेल्या चढाईनंतर, लोक एकमेकांशी कसे बोलतात ते ऐक. नवख्याला शिव्या पडत असतील आणि ऑफिसर (लीडरच्या हाताखालचे जबाबदार मेंबर) गप्प बसत असतील, तर तिथून निघालेलं बरं.

वेळेचंही आधीच बघ. मध्य युरोपातल्या क्लॅनची रात्री आठची रेड आपल्याकडे हिवाळ्यात साडेबाराला आणि उन्हाळ्यात साडेअकराला सुरू होते. सकाळी खानापूरहून बेळगावला कॉलेज गाठणारीला हे झेपणारं नाही, मग क्लॅन कितीही नावाजलेला असो.

आता मुख्य गोष्ट. क्लॅन फुटतात ते बहुतेक वेळा लुटीवरून आणि खजिन्यावरून. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम 2004 साली आला, तेव्हा त्यातल्या मोल्टन कोर या रेडमध्ये 40 जण मिळून लढायचे आणि एक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पडला की हाती दोन-चार वस्तू लागायच्या. उरलेल्यांनी हात हलवत घरी जायचं. म्हणून हजेरीला पॉइंट द्यायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायची, ही डीकेपीची (ड्रॅगन किल पॉइंट्स) पद्धत चालली. ती त्याही आधीची, एव्हरक्वेस्ट या जुन्या गेमच्या काळातली. दुसरी पद्धत म्हणजे चार-पाच जाणत्यांनी बसून ठरवायचं. तू नवा क्लॅन काढणार असशील तर पॉइंटच ठेव. जाणत्यांच्या निर्णयावर विश्वास बसायला काळ जावा लागतो, आणि पहिल्याच आठवड्यात चांगली तलवार तुझ्या मैत्रिणीला मिळाली तर तुझं खरं असूनही कुणी ऐकणार नाही. पद्धत कुठलीही असो, बॉस पडायच्या आधी सगळ्यांना माहीत हवी.

खजिन्याचं तर भिशीच्या वहीसारखं ठेव: कुणीही कधीही उघडून बघावी. बऱ्याच गेममध्ये क्लॅनच्या बँकेत कुणी काय ठेवलं, काय काढलं याचा लॉग दिसतो, पण काही ठिकाणी शेवटच्या मोजक्याच नोंदी राहतात. म्हणून एक साधी शीट कर आणि दर रविवारी तिची लिंक चॅटमध्ये टाक. ठेवायची मुभा सगळ्यांना दे, काढायची मर्यादा मात्र रँकप्रमाणे ठरव. ती मर्यादा तुलाही लागू.

अधिकार देताना हात आखडता घे. ईव्ह ऑनलाइन या गेममध्ये 2009 साली बँड ऑफ ब्रदर्स नावाची बलाढ्य युती होती. तिचा एक डिरेक्टर शत्रूला जाऊन मिळाला आणि जाता जाता त्याने अख्खी युतीच बरखास्त केली. त्यासाठी हॅकिंग लागलं नाही, ते बटण त्याच्या हाती दिलेलंच होतं. म्हणून मेंबर घेणं एकाकडे, काढणं दुसऱ्याकडे, बँक तिसऱ्याकडे असू दे. आणि पासवर्ड कुणालाही नाही, अगदी ‘रात्री मी तुझं कॅरेक्टर खेळवते’ म्हणणाऱ्या जिवलग मैत्रिणीलाही नाही.

तुझ्या क्लॅनमध्ये निपाणीचा मराठी पोरगा असेल, गोकाकचा कन्नड असेल, बेळगावच्या कॅम्पातला उर्दू बोलणारा असेल. रेडच्या सूचना सगळ्यांना कळतील अशा ठेव. एरवी ज्याला ज्या भाषेत गप्पा मारायच्या त्या मारू देत, कुणाला त्यावरून टोकू नकोस. सीमाप्रश्न मात्र क्लॅनच्या चॅटमध्ये नको. 1956 पासून आपल्या घरांनी तो सोसलाय. दोन बॉसच्या मधल्या पाच मिनिटांत त्यावर कुणीतरी काहीतरी फेकावं आणि जोडलेली माणसं तुटावीत, इतका तो स्वस्त नाही.

पावसाळ्यात जांबोटीकडे लाईटचा भरवसा नसतो हे तुला मी काय सांगू. ‘लाईट गेली, येऊलालो’ एवढा मेसेज येतो आणि हीलर, म्हणजे जखमी साथीदारांना सावरणारा, गायब. दोन हीलर कायम तयार ठेव, आणि लाईट गेली म्हणून कुणाचे पॉइंट कापू नकोस.

व्हॉइस चॅटवर मुलीचा आवाज ऐकला की काही जण पातळी सोडतात. समज वगैरे द्यायच्या भानगडीत पडू नकोस, त्याच दिवशी बाहेर काढ, मग तो तुमचा सगळ्यात भारी टँक (शत्रूचे वार अंगावर घेणारा) का असेना. इथे ऑफिसर तुझ्या पाठीशी उभे राहतील का, हे क्लॅन काढायच्या आधीच त्यांना तोंडावर विचार. उत्तर द्यायला जो वेळ लावेल त्याला ऑफिसर करू नकोस.

नियम एका पानात बसव आणि मला पाठव. लूट वाटपाचा भाग आधी लिही, त्यावर मी सविस्तर कळवीन.

तुझी,
ताई