विज्ञानाच्या उताऱ्यावरचं उत्तर मुलांनी वाचून दिलं की आधीच्या माहितीवरून, हे कसं ओळखायचं?

तेच प्रश्न उताऱ्याशिवाय त्याच इयत्तेच्या दुसऱ्या तुकडीला सोडवायला द्या. चार पर्यायांच्या ज्या प्रश्नाला २५ टक्क्यांहून बरीच जास्त मुलं बरोबर उत्तर देतात, तो प्रश्न वाचन तपासत नाही. २५ टक्के तर नुसत्या अंदाजानेही जमतात. विज्ञान-पर्यावरणाच्या उताऱ्यांत हे हमखास होतं, कारण विषय पाठ्यपुस्तकात येऊन गेलेला असतो. समुद्राच्या आम्लीकरणावरच्या उताऱ्याखाली 'कोणत्या वायूमुळे?' असं विचारलं, तर कार्बन डायऑक्साइड न वाचताही सुचतो. त्याऐवजी दोन परिच्छेद जोडायला लावा: पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला, हा बदल लेखकाला किरकोळ का वाटत नाही? सामूची मोजपट्टी लॉगॅरिथमिक असते, म्हणजे एका अंकाचा फरक आम्लतेत दहापट फरक दाखवतो, हे पुढच्या परिच्छेदात असेल, तर मुलाला तिथवर जावंच लागतं. चुकीचे पर्यायही उताऱ्यातल्या शब्दांतच लिहा, आणि बरोबर पर्याय सगळ्यांत लांब होऊ देऊ नका. मुलं ही खूण फार पटकन पकडतात. मात्र तुकडी २०-२५ जणांचीच असेल, तर दोन-तीन उत्तरांनीही टक्केवारी हलते. तेव्हा काही मुलांना समोर बसवून उत्तर कुठल्या ओळीवरून काढलं ते दाखवायला सांगा.