क्रिकेटमध्ये फुटबॉलसारखं लाल कार्ड का नाही? नुसती मॅच फी कापून खेळाडूंना शिस्त लागते का?

लाल कार्ड क्रिकेटच्या नियमांत 2017 पासून आहे. पंच खिशातून कार्ड काढत नाहीत, एवढंच. आणि मॅच फी कापून शिस्त लागते का, तर माझ्या मते फारशी लागत नाही. बहुतेक लोक म्हणतात की दंडाची रक्कम चिल्लर असते म्हणून. मला खरं दुखणं दुसरीकडे दिसतं.

आधी नियम बघू. क्रिकेटचे मूळ नियम लॉर्ड्सवरचा एमसीसी हा क्लब करतो. त्यांच्या जागतिक समितीची बैठक डिसेंबर 2016 मध्ये मुंबईत झाली, माइक ब्रेअर्ली तिचे अध्यक्ष होते. पंचांना खेळाडूला मैदानाबाहेर काढायचा अधिकार द्यावा, अशी शिफारस तिथे झाली आणि 1 ऑक्टोबर 2017 पासून नवा नियम क्रमांक 42 आला. त्यात गैरवर्तनाच्या चार पायऱ्या आहेत. नाराजी दाखवणं, शिवीगाळ, अपीलचा अतिरेक, मैदानाची किंवा साहित्याची मुद्दाम नासधूस ही पहिली पायरी. इथे एकदा ताकीद, पुन्हा तेच केलं की समोरच्या संघाला पाच धावा. मुद्दाम खेळाडूच्या अंगाला अंग भिडवणं किंवा पंचाच्या निर्णयावर गंभीर थयथयाट करणं ही दुसरी पायरी, तिथे पहिल्याच वेळी पाच धावा. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे पंचावर दहशत घालण्याचा प्रयत्न किंवा खेळाडूला मारायची धमकी, पाच धावांखेरीज त्या खेळाडूला काही काळ बाहेर बसावं लागतं: मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश षटकं, एरवी दहा. चौथी पायरी हाणामारीची किंवा पंचाच्या अंगावर जाण्याची. त्याला उरलेला सामना खेळता येत नाही. क्षेत्ररक्षक बाहेर गेला तर बदली कोणी मिळत नाही, दहा जणांनीच निभवायचं.

नियम वाचून वाटतं की प्रश्न सुटला. पण आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अटी आयसीसी ही क्रिकेटची जागतिक संघटना ठरवते, आणि आयसीसीने यातली फक्त चौथी पायरी उचलली. बाकीच्या तीन जुन्या आचारसंहितेकडेच राहिल्या. तिथे काम असं चालतं: सामना संपल्यावर पंच तक्रार नोंदवतात, सामनाधिकारी शिक्षा सुचवतो, खेळाडूने चूक कबूल केली की सुनावणीसुद्धा होत नाही. तुम्ही सकाळी बातमी वाचता की अमक्याला मॅच फीच्या 20 टक्के दंड आणि एक डिमेरिट गुण. संपलं.

त्या बातमीत दंडाचा आकडा ठळक असतो, पण खेळाडू बघतो तो गुण. ही पद्धत सप्टेंबर 2016 पासून आली. दोन वर्षांत चार गुण जमले की एक कसोटी किंवा दोन एकदिवसीय अथवा टी-20 सामन्यांची बंदी. पैशाची गोष्ट मात्र खरंच हास्यास्पद आहे. मेलबर्नला डिसेंबर 2024 मध्ये विराट कोहलीने पदार्पण करणाऱ्या सॅम कॉन्स्टासला खांदा मारला, तेव्हा 20 टक्के कापले गेले. भारतीय खेळाडूची कसोटीची मॅच फी 15 लाख, म्हणजे झाले 3 लाख. त्याच वेळी त्याचा बोर्डाशी वर्षाचा करार 7 कोटींचा होता. तोच टक्का नवख्या खेळाडूला बोचतो, कोहलीला त्याची जाणीवही होत नसेल.

आता माझं म्हणणं. समजा दंड दसपट केला, तरी ज्या संघाचं नुकसान झालं त्याच्या हातात काय पडतं? काहीच नाही. पैसे त्याला मिळत नाहीत, आणि बंदी लागते ती पुढच्या सामन्यात, पुष्कळदा तिसऱ्याच संघासमोर.

भारतीय महिला संघाची कप्तान असताना घडलेलं हरमनप्रीत कौरचं प्रकरण या दृष्टीने पुन्हा बघा. 22 जुलै 2023, मीरपूर, बांगलादेशविरुद्ध मालिकेतला शेवटचा एकदिवसीय सामना, मालिका 1-1. बांगलादेशने 225 केल्या होत्या. पाठलागात नाहिदा अख्तरच्या चेंडूवर पंचांनी हरमनप्रीतला बाद दिलं, तिने बॅट स्टंपवर हाणली आणि पंचांना बोलत बाहेर गेली. बक्षीस समारंभात तिने पंचगिरीवर उघड टीका केली. शिक्षा चांगली कडक झाली असंच सगळे म्हणाले: स्टंप उडवल्याबद्दल 50 टक्के आणि तीन गुण, टीकेबद्दल 25 टक्के आणि एक गुण. चार गुण भरले, दोन सामन्यांची बंदी.

आणि सामन्याचं काय झालं? भारतही 225 वर सर्वबाद. सामना टाय, मालिका बरोबरीत. एमसीसीचा नियम 42 पूर्ण लागू असता तर, निर्णयावरचा गंभीर थयथयाट म्हणून, पाच धावा त्याच क्षणी बांगलादेशच्या खात्यात गेल्या असत्या. बाकी सगळं जसंच्या तसं घडलं असतं असं धरलं, तर सामना आणि मालिका दोन्ही बांगलादेशची. प्रत्यक्षात त्यांना अर्धा चषक मिळाला. बंदीचे दोन सामने कोणते ठरले, तर सप्टेंबरमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतले. पहिला मलेशियाविरुद्ध, तो पावसात गेला आणि भारत वरच्या मानांकनावर पुढे सरकला. दुसरा उपांत्य सामना, योगायोगाने बांगलादेशविरुद्धच. तिथे बांगलादेश 51 धावांत गारद झाला, भारताला हरमनप्रीतची उणीव भासलीच नाही. अंतिम सामन्याला ती हजर होती आणि सुवर्णपदक घेऊन आली. मी तिचा चाहता आहे, तिने पदक जिंकलं याचा आनंदच झाला. पण शिक्षेचा हिशेब म्हणून हे मला पटत नाही.

आयपीएलमध्येही तेच. 2025 च्या मे महिन्यात लखनौच्या दिग्वेश राठीने हैदराबादच्या अभिषेक शर्माला बाद करून त्याची ती वहीत नोंद केल्याची नक्कल केली, दोघांची जुंपली. राठीचे आधीचे गुण जमा होतेच, एका सामन्याची बंदी लागली. भांडण हैदराबादशी, बंदीच्या सामन्यात समोर गुजरात!

'मैदानावरच्या शिक्षेने खेळाचं स्वरूप बिघडतं' असा आक्षेप नेहमी येतो. तो आयसीसीला स्वतःलाच मान्य नसावा, कारण वेळेच्या बाबतीत त्यांनी नेमकं तेच केलं. दंड लावून लावून षटकांचा वेग सुधारेना, तेव्हा जानेवारी 2022 पासून टी-20 मध्ये मागे पडलेल्या संघाचा एक क्षेत्ररक्षक वर्तुळाबाहेरून आत घ्यायला लावला. पुढे दोन षटकांमध्ये 60 सेकंदांचं घड्याळ आलं: दोन ताकिदी, तिसऱ्या वेळी पाच धावा. जून 2024 च्या टी-20 विश्वचषकात न्यूयॉर्कला अमेरिकेच्या संघाला हा दणका बसला. भारताला 30 चेंडूंत 35 हव्या होत्या, त्या एका इशाऱ्यात 30 झाल्या. कोणी खेळ बिघडल्याची ओरड केली नाही. म्हणजे षटक सुरू करायला उशीर केला तर पाच धावा, आणि पंचासमोर स्टंप उडवले तर सामना संपल्यावर कागदपत्रं. मला यातला तर्क समजत नाही.

मी हौशी सामन्यांत अधूनमधून पंचगिरी करतो. तिथला अनुभव एवढाच सांगतो, की 'रिपोर्ट करीन' म्हटल्यावर खेळाडू हसतात. धावफलकाला हात लागणार म्हटलं की त्यांचा कप्तानच धावत येतो आणि आपल्या माणसाला गप्प करतो.

कप्तानाने गप्प केलं तर काय होतं, याचा चांगला दाखला दुलीप करंडक या देशांतर्गत स्पर्धेच्या 2022 च्या अंतिम सामन्यात आहे. कोइम्बतूर, पश्चिम विभाग विरुद्ध दक्षिण विभाग, शेवटचा दिवस. यशस्वी जयस्वाल जवळ उभा राहून रवी तेजाला सतत डिवचत होता. पंचांनी समज दिली, तरी थांबेना. शेवटी अजिंक्य रहाणेने, म्हणजे स्वतःच्या कप्तानाने, त्याला मैदानाबाहेर पाठवलं. काही षटकं पश्चिम विभाग दहा जणांनी खेळला. दुसऱ्या डावात 265 करून सामना फिरवणारा हाच मुलगा होता, पुढे सामनावीरही तोच ठरला. त्याला बाहेर काढताना रहाणेने त्या धावा मोजल्या नाहीत.

याच करंडकाच्या अंतिम सामन्यात, जमशेदपूरला जानेवारी 1991 मध्ये, पश्चिम विभागाचा रशीद पटेल स्टंप उपटून उत्तर विभागाच्या रमण लांबावर धावून गेला होता. प्रेक्षकांत दंगा झाला, सामना आटोपता घ्यावा लागला. पटेलला 13 महिने आणि लांबाला 10 महिने बंदी झाली. कडक शिक्षा, पण सगळी नंतर. त्या दिवशी मैदानावर पंचांच्या हातात काहीही नव्हतं.

आता माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देतो. लंडनचं ओव्हल मैदान, ऑगस्ट 2006, इंग्लंड विरुद्ध पाकिस्तान कसोटी. डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह या पंचांनी पाकिस्तानवर चेंडू कुरतडल्याचा ठपका ठेवला आणि इंग्लंडला जागेवर पाच धावा दिल्या. चहापानानंतर पाकिस्तानचा संघ मैदानात उतरला नाही आणि सामना इंग्लंडला बहाल झाला, कसोटीच्या इतिहासात प्रथमच. पुढे सामनाधिकारी रंजन मदुगले यांच्या सुनावणीत कुरतडल्याचा आरोप टिकला नाही. संघ न उतरवल्याबद्दल मात्र पाकिस्तानचा कप्तान इंझमामला चार एकदिवसीय सामन्यांची बंदी मिळाली. निकाल तर 2008 मध्ये अनिर्णित केला आणि 2009 मध्ये परत इंग्लंडचा विजय केला! मॅच फी कापली असती तर परत देता आली असती. दिलेल्या धावा आणि त्यातून भडकलेलं डोकं परत घेता येत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज कागिसो रबाडाचंही तसंच. पोर्ट एलिझाबेथला 2018 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला बाद केल्यावर रबाडाचा खांदा त्याला लागला, दोन कसोटींची बंदी झाली, अपील ऐकणाऱ्या मायकेल हेरन यांनी आरोप खालच्या पातळीवर आणला आणि बंदी गेली. त्या सामन्यात त्याने 11 बळी घेतले होते. खांदा लागल्याच्या क्षणी कोणी त्याला दहा षटकं बाहेर बसवलं असतं तर अपील जिंकून उपयोग काय होता?

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. जी कृती हजारो लोकांना आणि कॅमेऱ्याला स्पष्ट दिसते, जिच्यात हेतूचा वाद जवळजवळ नसतो, तिच्यासाठी पाच धावा: स्टंप उडवणं, चेंडू मुद्दाम खेळाडूच्या अंगावर फेकणं, निर्णयानंतर पंचाला घेराव घालणं. तिसऱ्या पंचाने एकदा पाहून घ्यावं, एक मिनिट लागतं. चेंडू कुरतडणं आणि अंगाला अंग लागणं यांत तपास लागतो, ते सामनाधिकाऱ्याकडेच राहू दे. केपटाऊनच्या 2018 च्या, सँडपेपरने चेंडू खरवडण्याच्या प्रकरणात आयसीसीने स्मिथला एकच कसोटी बसवलं, खरा दणका त्याच्या बोर्डाने वर्षभराच्या बंदीने दिला. अशा बाबतीत बोर्डाचीच धास्ती जास्त असते. फिक्सिंग वगैरे तर गुन्हेगारीचा मामला, त्याला या चर्चेत ओढू नये.

तोंडाने केलेली शेरेबाजीही मी या पाच धावांतून वगळीन. सिडनीला 2008 मध्ये हरभजन ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला नेमकं काय म्हणाला यावर सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी दिली, सचिनची साक्ष झाली, आणि अपिलात न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांच्यापुढे तो आरोप टिकला नाही, 50 टक्के मॅच फीवर मिटलं. भर मैदानात, गोंगाटात, दोन पंचांनी असला निवाडा करावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. अशी प्रकरणं स्टंप माइकचं रेकॉर्डिंग ऐकून, दोन्ही बाजूंना बोलावून सावकाश निकालात काढावीत. तिथे खुशाल मॅच फी कापा आणि गुण लावा.