'कॅच अप'नंतर 'विथ' की 'ऑन'? आणखी एक यादी पाठ करू नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाचशे फ्रेजल व्हर्ब (क्रियापदाला 'अप', 'ऑन', 'इन' असे छोटे शब्द जोडून वेगळा अर्थ देणारे शब्दगट) अर्थासकट पाठ आहेत, तरी मेल लिहिताना 'कॅच अप'पुढे 'विथ' घालायचं, 'ऑन' घालायचं की काहीच नको, इथे हात थांबतो. 'आय विल कॅच अप यू विथ द पेंडिंग वर्क' हे वाक्य तुमच्या मॅनेजरने लाल करून परत पाठवलं आणि आता तुम्ही विचारताय, आणखी कोणती यादी पाठ करू. १२ वर्षांपूर्वी मी नेमकी इथेच अडकले होते, म्हणून सविस्तर लिहिते. मी इंग्रजीची शिक्षिका नाही, भाषाशास्त्रही शिकलेले नाही. रोजच्या कामात ठेचा खाऊन जे कळलं तेवढंच सांगतेय.

माझी चूक आधी सांगते, कारण तिच्यातूनच मला पुढचं सगळं कळलं.

एका ग्राहक कंपनीला आम्ही दर तिमाहीला अहवाल पाठवायचो. एकदा काही आकडे वेळेत आले नाहीत आणि अहवालातले रकाने रिकामे गेले. दोन दिवसांनी आकडे मिळाले, मी ते भरले आणि कळवलं: 'वी हॅव मेड अप द मिसिंग फिगर्स.' माझ्या मनात सरळ मराठी वाक्य होतं, 'राहिलेले आकडे भरून काढले आहेत.' पाठ केलेल्या यादीतही 'मेक अप : भरून काढणे' असंच होतं. वाचणाऱ्याला मात्र दिसलं ते असं: 'जे आकडे नव्हते ते आम्ही मनाने रचले.' ग्राहकाने मागच्या चार अहवालांची मूळ कागदपत्रं मागवली. तीन आठवडे आम्ही एकेक आकडा कुठून आला ते दाखवत बसलो. सगळं बरोबर निघालं, पण त्या कामावरून मला बाजूला केलं ते केलंच. मी खोटं बोलले नव्हते, आणि तरी माझ्याकडे खोटं बोलणाऱ्या माणसासारखं पाहिलं गेलं. ते अजून विसरता येत नाही.

जास्त राग येतो तो आमच्या प्रशिक्षण विभागाचा. या प्रकाराच्या काही महिने आधी मी तिथे विचारलं होतं की 'मेक अप' आणि 'मेक अप फॉर' यांत फरक काय. उत्तर मिळालं, 'अर्थ एकच, फॉर लावलं नाही तरी चालतं.' प्रकरण घडल्यावर पुन्हा गेले, तर त्यांनी एक अर्ज भरून घेतला आणि त्याच वर्गाला पुन्हा बसवलं. यादी तीच, फक्त आता लांब झालेली, एबीसीडीच्या क्रमाने. हा शब्द कोणाला लागतो, कशाला लागतो, पुढे काय येतं, यावर अवाक्षर नाही. शिकणाऱ्याच्या वेळेची इतकी बेपर्वाई मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मला लिहायला हवं होतं, 'वी हॅव फिल्ड इन द मिसिंग फिगर्स.' उशिराबद्दल बोलायचं असतं तर 'मेक अप फॉर द डिले.' आणि साचलेलं काम उरकायचं असतं तर 'कॅच अप ऑन द वर्क.' आपण तिन्हीकडे 'भरून काढणे' म्हणतो. घोळ तिथे होतो.

आता मुद्द्याचं. तीन शब्दांच्या फ्रेजल व्हर्बमधला दुसरा आणि तिसरा शब्द एकाच जातीचे समजू नका. दुसरा शब्द क्रियापदाचा असतो. आपल्याकडे 'खा' आणि 'खाऊन टाक', 'बोललो' आणि 'बोलून बसलो' यांत 'टाक' आणि 'बस' जे करतात, साधारण तसलंच काम तो करतो. 'ईट'चं 'ईट अप' झालं की 'खाऊन टाक'. तिसरा शब्द पुढच्या नामाचा असतो. तो आपल्या 'ला, शी, वर, पासून' यांच्या जागी येतो. म्हणजे 'कॅच अप' एवढ्यात 'मागे पडलेला बरोबरीला येणे' हा अर्थ पुरा झाला. कोणाच्या बरोबरीला? माणूस असेल तर 'विथ'. कशाच्या बाबतीत? साचलेलं काम, राहिलेली झोप, बातम्या असतील तर 'ऑन'. 'ड्रॉप इन' म्हणजे सहज डोकावणे: माणसाकडे गेलात तर 'ऑन हर', ठिकाणी गेलात तर 'अ‍ॅट द ऑफिस'. 'चेक इन विथ हर' म्हणजे तिची विचारपूस करणे, आणि 'चेक अप ऑन हर' म्हणजे ती नीट करतेय ना यावर नजर ठेवणे. हे दुसरं चुकून लिहिलंत तर समोरची व्यक्ती दुखावते. 'रन आउट ऑफ टाइम' म्हणजे वेळ संपणे, 'रन आउट ऑन समवन' म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडून जाणे. इथे तर तिसरा शब्द बदलला की सगळी गोष्टच बदलते.

ओळखायची साधी खूण: पुढचं नाम काढून टाका. 'आय नीड टू कॅच अप' हे वाक्य 'ऑन'शिवाय उभं राहतं, म्हणजे 'ऑन' नामाबरोबर आला होता. ही खूण सगळीकडे चालत नाही. 'पुट अप विथ' (सहन करणे) आणि 'लुक फॉरवर्ड टू' (आतुरतेने वाट पाहणे) यांचे तुकडे करून अर्थ लागत नाही, ते अखंडच घ्यावे लागतात.

'इट' कुठे बसवायचं यात सगळेच चुकतात. 'लुक इट अप' (ते कोशात वगैरे शोधणे) बरोबर, 'लुक अप इट' चूक. पण 'लुक आफ्टर इट'च (त्याची काळजी घेणे) बरोबर, कारण तिथे 'आफ्टर' नामाचा आहे. कानानेही कळतं: 'लुक इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक अ‍ॅट इट'मध्ये 'लुक'वर. तीन शब्दी बहुतेक फुटत नाहीत, 'पुट अप विथ इट'. काहींत मात्र मधे नाम लागतंच: 'टेक इट आउट ऑन मी' (राग माझ्यावर काढणे), 'टॉक हिम आउट ऑफ इट' (बोलून परावृत्त करणे).

'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू'ही नामाचाच. म्हणून 'टू मीट' नाही, 'टू मीटिंग यू'. शंका आली तर पुढे 'इट' ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू इट' जमतं ना, मग पुढे क्रियापदाचं 'आयएनजी' रूप. 'गेट अराउंड टू'चंही (राहिलेल्या कामाला एकदाचा वेळ काढणे) तसंच.

आणखी एक सांगते, विषय थोडा बाजूचा आहे. आपली मराठी आपल्या इंग्रजीत झिरपते. 'माझ्यावर रागावला' म्हणून 'अँग्री ऑन मी', 'त्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. 'डिस्कस'ला काहीच लागत नाही. 'कोप अप विथ' बहुधा 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ'च्या सवयीने येतं. 'कोप'ला 'अप' नाही, नुसतं 'कोप विथ' (निभावून नेणे). आपसात हे सगळं समजतं, त्यावरून कोणाला टोकू नये असं माझं मत आहे. पण बाहेरच्या मेलमध्ये जपा.

यादीऐवजी मी काय केलं? वही केली आणि प्रत्येक नोंद 'कोण, कोणाला, कशाचं' यांसकट पूर्ण वाक्यात लिहिली. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी शब्दकोश 'समवन' आणि 'समथिंग' कुठे बसतं ते दाखवतात. ते दोन शब्द आपण वगळून वाचतो आणि सगळं ज्ञान तिथेच असतं. दिवसाला दोन नोंदी पुष्कळ झाल्या. आणि मेल महत्त्वाचा असेल, शंका असेल, तर सरळ एकशब्दी क्रियापद वापरा: 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट', रचण्याच्या अर्थी 'मेक अप'ऐवजी 'इन्व्हेंट'. जरा ताठर वाटेल, पण गैरसमज होणार नाही. काहीजणांना हे पटणार नाही, त्यांच्या कामात कदाचित वेगळं चालत असेल.

स्वतःला मठ्ठ समजू नका. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं होतं की क्रियापदाला चिकटणारे हे छोटे शब्द परक्यांना सगळ्यात अवघड जातात.

आता तुमचं वाक्य. 'तुमच्याशी भेटून बोलेन' म्हणायचं होतं तर 'आय विल कॅच अप विथ यू.' 'राहिलेलं काम उरकेन' म्हणायचं होतं तर 'आय विल कॅच अप ऑन द पेंडिंग वर्क.' आणि 'राहिलेल्या कामात काय काय झालं ते तुम्हाला सांगेन' असं असेल तर 'यू' मधे घ्या: 'आय विल कॅच यू अप ऑन द पेंडिंग वर्क.' मॅनेजरना यातलं कोणतं अपेक्षित होतं ते एकदा विचारून घ्या. लाल केलेल्या वाक्यावरून मला तरी तिसरं वाटतंय.