केनियाच्या सहलीसाठी सुकन्या खात्याला हात लावावा का?

प्रश्न: मुलगी अकरावीत, आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत आहे. शाळा १२ दिवसांसाठी नैरोबीला नेणार आहे. तिथल्या वस्तीतल्या मुलांना फुटबॉल शिकवायचं, एका शाळेची रंगरंगोटी करायची. आयबीच्या ‘कॅस’मध्ये (अभ्यासाबाहेरचे कला, खेळ आणि सेवेचे उपक्रम) हे धरलं जाईल, म्हणजे शिक्षणाचाच खर्च. तो ३ लाख. सुकन्यातून काढावेत, ४ लाखांची एफडी मोडावी, की पर्सनल लोन घ्यावं? घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिना ९० हजार लागतात. (एक आई, नाशिक)

उत्तर: सुकन्याचा पर्याय तर बादच समजा. दहावीनंतर शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते हे खरं, पण ती पुढच्या शिक्षणासाठी, प्रवेशाचे किंवा फीचे कागद दाखवून. सहलीचं माहितीपत्रक तिथे चालणार नाही.

कर्ज १४ टक्क्यांनी, ३ वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये, आणि नुसतं व्याजच ६९ हजार. लेकीच्या कॉलेजची फी सुरू होईल तेव्हाही हा हप्ता चालूच असेल. एफडी मोडलीत तर हाताशी उरतो लाख रुपये, म्हणजे जेमतेम महिन्याभराचा खर्च. उद्या नोकरीत काही झालं तर?

मला खटकतं ते वेगळंच. हा खर्च तुम्ही ‘शिक्षण’ या सदरात टाकलाय. आयबी डिप्लोमासाठी ‘कॅस’ पूर्ण करावं लागतं हे बरोबर, पण त्याला गुण नसतात आणि त्यासाठी परदेशी जाण्याची अटही नाही. नाशिकमधल्या महापालिका शाळेच्या मुलींना वर्षभर दर शनिवारी फुटबॉल शिकवला तरी ते कॅसमध्ये बसू शकतं. नागपुरात ‘स्लम सॉकर’चं काम २००१ पासून चालू आहे, तेही तिला दाखवा. आणि नैरोबीचं म्हणाल तर तिथल्या मथारे वस्तीत १९८७ पासून मुलांची स्वतःची फुटबॉल संघटना आहे. वस्तीतला कचरा उचलला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात! अशा ठिकाणी आपली मुलं १२ दिवसांत शिकवणार थोडं, शिकून येणार जास्त. खुशाल जावं, पण मग हे पर्यटन झालं.

पर्यटनाचा खर्च पर्यटनाच्या पैशांतूनच व्हावा. बोनस, यंदा रद्द केलेली दिवाळीची सहल, आजी-आजोबांनी हौसेने दिलेली रक्कम, असं मिळून ३ लाख जमत असतील तर जरूर पाठवा. अर्धेच जमले तर यंदा नाही म्हणा. लेक रुसेल, चार दिवसांनी बोलेल.

जमलेच तर ३ लाखांवर आणखी थोडे धरा. केनियातून परतताना भारतात पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा दाखला लागतो, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. लस निदान १० दिवस आधी, मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. मलेरियाच्या गोळ्या, प्रवास विमा, हातखर्च हे सगळं रकमेत धरलंय का, ते विचारा. टूर पॅकेजवर टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर) कापतील. पैसे स्वतःच्या पॅनवर भरा, म्हणजे रिटर्नमध्ये ते वळते करून घेता येतील.

आगाऊ रक्कम भरण्याआधी शाळेकडून दोन गोष्टी लेखी घ्या: सहल रद्द झाली किंवा मुलगी आजारी पडली तर किती परत मिळणार, आणि ३ लाखांपैकी नैरोबीतल्या संस्थेला नेमके किती जाणार. दुसऱ्या गोष्टीचं उत्तर गोलमोल आलं तर बोनसचे पैसे असले तरी भरू नका.