२१ दिवस केलं तरी सवय का सुटत नाही?

"मॅडम, २१ दिवस पाळलं, बाविसाव्या दिवशी परत सुरू, माझ्यात विलपॉवरच नाहीये." २१ दिवस नेटानं पाळलं की कुठलीही सवय बदलते, असं सगळीकडे सांगतात ना, त्यावरून. सवय सोडवायला माझ्याकडे येणाऱ्या इतक्या जणांकडून हे ऐकलंय की आता उत्तर लिहूनच टाकते.

एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), चाळिशीच्या, ऑफिस अंधेरीला, घर ठाण्याला. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं, डॉक्टर म्हणाले प्रीडायबेटिस आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, सांभाळा. आणि ह्यांचं रोजचं काय, तर संध्याकाळी सातला घरी जाताना घाटकोपरला मेट्रोतून उतरलं, पूल उतरून प्लॅटफॉर्मवर आलं की स्टॉलवर दोन समोसे आणि गोड चहा.

मी विचारलं, रविवारी संध्याकाळी सातला समोसा आठवतो का हो? म्हणाल्या, "छे, रविवारी कुठे!" आता रविवारी विलपॉवर जास्त असते असं तर काही नाही ना. सवय त्या जागेला, त्या वेळेला चिकटलेली असते, एकाच ठिकाणी तेच तेच केलं की मेंदू त्याचं गाठोडं बांधून ठेवतो (बेसल गँग्लिया नावाच्या भागाचा ह्यात मोठा वाटा असतो) आणि मग तो पूल दिसला की पाय आपोआप वळतात, विचार करायची गरजच उरत नाही.

मग आठवडाभर समोसा बंद न करता फक्त मोबाईलमध्ये लिहायला सांगितलं, किती वाजता, आधी काय झालं, मूड कसा होता. त्यात दोन गोष्टी सापडल्या. एकला जेवण झालं की सातपर्यंत पोटात काही नाही, हे सोपं होतं, पाचला डेस्कवर फुटाणे-शेंगदाणे. दुसरी मात्र त्या अगदी हळू आवाजात बोलल्या, "तेवढी दहा मिनिटंच मला कोणी हाक मारत नाही. ना बॉस, ना सासूबाई." म्हणजे समोसा नुसता बंद केला असता तर ती दहा मिनिटंही गेली असती, आणि ती कोण सुखासुखी सोडेल?

म्हणून दहा मिनिटं ठेवली, समोसा काढला. ठरवलं असं, की पूल उतरला की स्टॉलकडे न वळता उलट्या बाजूला लेडीज डब्यापाशी जायचं, बाकड्यावर बसायचं, कानात गाणी, आणि एक ठाणा लोकल मुद्दाम सोडायची. मुंबईकराला मुद्दाम गाडी सोडायला सांगणारी मी पहिलीच असेन! पण 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच नेमकं ठरवून ठेवलं तर जमायची शक्यता वाढते, पीटर गोलविट्झर ह्या मानसशास्त्रज्ञाचं ह्यावर बरंच काम आहे.

आणि ते २१ दिवस? मॅक्सवेल माल्ट्झ म्हणून प्लास्टिक सर्जन होते, त्यांनी १९६० साली लिहिलं की पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला 'किमान' कुठेतरी गळला, आकडा राहिला आणि सगळ्याच सवयींना चिकटला. लंडनच्या संशोधक फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून पाहिलं (२०१० चा पेपर), तर ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस, पण माणसागणिक १८ ते २५४ असा हिशोब निघाला. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही दिसलं.

ह्या बाईंचेही दिवस चुकलेच, गणपतीत तर सगळंच कोलमडलं, पण शून्यापासून मोजायला मी मनाई केली होती. आता समोसा महिन्यातून कधीतरी होतो, तो त्या ठरवून खातात, चहा बिनसाखरेचा.

मागच्या वेळी म्हणाल्या, मुलाचा मोबाईल पण असाच सोडवून द्या ना. म्हटलं, त्याला स्वतःला सोडायचाय का ते आधी विचारा, मग आणा.